पुंजारामाचं चालणं

कडूबानं उभ्या जन्मात एका जागी एवढा वेळ बसलेला माणूस पाहिला नव्हता. देवळातला देवसुद्धा वर्षातून एकदा पालखीत बसून गावभर हिंडून येतो. पण त्याचा लेक पुंजाराम सकाळी जो खुर्चीत बसायचा तो दिवेलागणीपर्यंत तिथंच. कानाला डबडं लावलेलं, समोर कॉम्प्युटर, आणि तोंडानं कधी मराठी, कधी हिंदी, कधी इंग्रजी. जेवायला उठायचा, लघवीला उठायचा, तेवढंच.

कडूबा धनगर. पाचोडच्या अलीकडं माळावर त्याची वस्ती होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पुढं मेंढरं, अशी त्यानं सगळी उमर चालत काढली होती. बायको सुगंधाबाई गेली आणि पुंजारामानं हट्टानं बापाला शहरात आणलं. मेंढरं पुतण्याच्या हवाली झाली. शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात तिथल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कडूबाची बाज पडली. सून द्वारका पडेगावच्या शाळेत मास्तरीण. ती सकाळी जाऊन दुपारी उशिरा यायची. नात लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला राहिलेली. म्हणजे दिवसभर घरात माणसं दोनच. एक खुर्चीत, एक बाजेवर.

पुंजारामाची कंपनी पुण्याची, विम्याची. लोकांनी धाडलेली दवाखान्यांची बिलं तपासायची आणि त्यांचे फोन घ्यायचे, हे त्याचं काम. कोरोनात सगळ्यांना घरी बसवलं ते बसवलंच. पहिल्यांदा पुंजारामाला बरं वाटलं होतं. पुण्यातली भाड्याची खोली सुटली, घरचं जेवण मिळालं. पण हळूहळू त्याचं पोट पुढं आलं, चेहरा सुजल्यागत झाला, आणि दोन जिने चढला तरी त्याला धाप लागायला लागली.

"उठ ना जरा. पाय मोकळे कर," कडूबा म्हणायचा.

पुंजाराम कानावरचं डबडं सरकवून म्हणायचा, "दादा, उठलो की हा हिरवा ठिपका पिवळा होतो."

"मंग होऊ दे पिवळा."

"पिवळा झाला की पुण्यावरून फोन येतो, कुठं गेलता म्हणून."

कडूबानं एकदा चष्मा लावून तो ठिपका जवळून पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढाही नव्हता. एवढ्याशा ठिपक्यानं धडधाकट माणसाला दाव्याला बांधून घातलं होतं. हेच पोरगं लहानपणी वस्तीवरून पाचोडच्या शाळेत पायी जायचं. पायात वहाण नाही, वाटेत सराटे, तरी सुटलेल्या कोकरामागं धावत सुटायचं. कडूबा बाजेवर बसून लेकाच्या पाठीकडं बघत राहायचा आणि त्याच्या मनात यायचं, ते पोरगं कुठं गेलं?

संक्रांतीच्या सुमारास पुंजारामाला जिन्यातच चक्कर आली. द्वारकानं त्याला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, ही आजची नाही, कितीतरी वर्षांपासून अंगात मुरत असणार. गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, पायांची काळजी, डोळ्यांची तपासणी असं बरंच काही सांगितलं. पण पुंजारामाच्या एका कानात तेव्हाही कामाचा फोन चालू होता. घरी येताना दोघांच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, रोज चालायचं.

त्या संध्याकाळी द्वारका चहाचा कप घेऊन सासऱ्याजवळ बसली.

"मामा, मी दिवसभर शाळेत. माझं तर हे ऐकतच नाहीत. तुम्हीच यांना उठवा. रोज चालले पाहिजेत, काहीही करून."

कडूबानं मान डोलावली. शहरात आल्यापासून त्याला कुणी काम असं सांगितलंच नव्हतं. भाजी निवडू का म्हणाला तर द्वारका म्हणायची, राहू द्या मामा, तुम्ही बसा. आता मात्र त्याच्या हाती त्याच्याच हुन्नराचं काम आलं होतं. दुसरं काही येवो न येवो, चालणं त्याला येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. काम सातला सुरू, म्हणून उजाडायच्या आत बाप-लेक खाली उतरले. पण त्या रस्त्यावर आधी कुत्र्यांचं राज्य. अख्खं टोळकंच अंगावर यायचं. कडूबाकडं काठी होती, त्याला भीती नव्हती, पण चारच दिवसांत शेजारच्या गल्लीतल्या दूधवाल्याची पोटरी कुत्र्यानं फोडली आणि द्वारकानं हात जोडले, "सकाळचं नकोच." शिवाय ज्या दिवशी टँकर यायचा त्या दिवशी सकाळी पाण्यापुढं कुणाला काही सुचायचं नाही.

मग घरातल्या घरात. फोनवर बोलता बोलता बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि परत. पण खोली ती केवढी! टेबल, सोफा, बाज, आणि गावाकडून आणलेली ज्वारीची पत्र्याची कोठी. पुंजाराम चार पावलं टाकायचा आणि कशाला तरी धडकायचा. समोर बिल उघडून बघायचं असलं की पुन्हा खुर्चीत.

कडूबानं त्यावरही इलाज काढला. कोठीवर गोधडीची घडी टाकली आणि म्हणाला, "ते कॉम्प्युटर हिच्यावर ठेव. उभ्यानं काम कर. मेंढरं चारताना मी बसत होतो का कधी?"

पुंजारामाला हसू आलं, पण त्यानं बापाचं ऐकलं. आठवडाभर तो कोठीपुढं उभा राहून लोकांची बिलं तपासत होता. मीटिंगमध्ये पुण्याच्या साहेबांना त्याचं तोंड दिसायच्याऐवजी नाक आणि वरचा पंखा दिसायचा. साहेब म्हणाले, हे काय चाललंय? आणि संध्याकाळी पाय सुजून भोपळ्यागत व्हायचे. कोठीवरून कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर आला.

द्वारकानं नवऱ्याच्या मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली होती. एक गोल होता, चाललं की तो थोडा थोडा भरत जायचा. कडूबाला याचं नवल वाटलं. "पावलं काय मोजायची रं?" तो म्हणाला. "मोजायची तर मेंढरं मोजावी. पावलं मोजत बसला तर माणूस चालंल कवा?" पण तोही रोज संध्याकाळी हळूच विचारायचा, "आज किती भरलं तुझं गोल?" आणि पुंजाराम खाली मान घालून मोबाइल उलटा ठेवायचा.

शेवटी राहिली गच्ची. गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यासाहेबांकडं असायची. तात्यासाहेब तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. कडूबानं किल्ली मागितली तर त्यांनी आनंदानं दिली. म्हणाले, "चालू द्या हो पोराला. मी नाही चाललो वेळेवर, म्हणून आज दोन-दोन गोळ्या खातो रक्तदाबाच्या."

दुपारी जेवणाची सुट्टी असायची. तेवढ्या वेळात ठिपका पिवळा झाला तरी कुणी विचारायचं नाही. पुंजाराम चार घास खायचा आणि बापाबरोबर वर जायचा. माघाचं ऊन कोवळं. गच्चीवरून साताऱ्याचे डोंगर दिसायचे. बाप-लेक कठड्याच्या कडेकडेनं फेऱ्या मारायचे. कडूबा जुन्या गोष्टी सांगायचा, कुठल्या साली कुठल्या रानात मेंढरांचा वाडा बसवला होता, कुठं लांडगा आला होता. पुंजाराम हसायचा. त्याचा श्वास जरा लांब झाला, डोळ्यांखालची सूज उतरली. पुढच्या महिन्यात रक्त तपासलं तर साखर थोडी खाली आलेली. द्वारकानं त्या दिवशी सासऱ्याच्या ताटात पुरणाची पोळी वाढली. नवऱ्याला नाही, सासऱ्याला.

एवढ्या दिवसांत कडूबाला एकच गोष्ट चमत्कारिक वाटली होती. पुंजारामाची चप्पल पायातून निघून पडायची आणि त्याला पत्ताच नसायचा. एकदा तर एक चप्पल जिन्यात राहिली आणि पठ्ठ्या एकाच चपलेवर गच्चीभर फिरला. कडूबा खो-खो हसला. "ध्यान कुठं असतं रं तुझं? अजून बिलंच दिसतात का डोळ्यापुढं?" पुंजारामही हसला. म्हणाला, "पायाला मधी लई मुंग्या यायच्या दादा. बसून बसून. आता त्या पण येत नाय." कडूबाला वाटलं, बरं झालं, चालण्याचाच गुण.

होळी झाली आणि तात्यासाहेब एक दिवस दारात येऊन उभे राहिले. अवघडून बोलायला लागले.

"कडूबा, राग मानू नका. मला रात्रीची झोप नाही. दुपारी काय डोळा लागतो तेवढाच. आणि नेमकं तेव्हाच डोक्यावर फटक फटक, फटक फटक... ह्यांच्या चपला वाजतात हो."

माणूस भला होता, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. द्वारकानं आणलेले बूट होते, पण सुजलेल्या पायाला ते चावायचे आणि घालण्या-काढण्यात निम्मी सुट्टी जायची. पुंजाराम म्हणाला, "जाऊ द्या दादा. गच्चीचं ऱ्हाऊ द्या आता."

तेव्हा कडूबा बोलून गेला, "काहून ऱ्हाऊ द्यायचं? चपला काढ अन् चाल. अनवाणी. आमी काय बूट घालून हिंडलो? उघडा पाय भुईला लागला म्हंजी रगत फिरतं अंगातलं."

पुंजारामाला पटलं. तात्यासाहेबांनाही पटलं. चपला जिन्याच्या वरच्या पायरीवर राहायला लागल्या.

पाडवा झाला, चैत्र तापला. वैशाखाच्या तोंडाशी लातूरहून पोरीचा फोन आला, परीक्षा जवळ आली, आई तू ये, मला भीती वाटती. शाळेला सुट्टी लागायची होती, पण द्वारकानं रजा टाकली. निघताना तिनं डबे कुठं, गोळ्या कुठल्या, सगळं सासऱ्याला दाखवलं आणि दारातून म्हणाली, "मामा, चालणं तेवढं चुकू देऊ नका. गुण येतोय."

"तू निर्धास्त जा, पोरी. एक दिवस चुकणार नाय."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. ऊन असं की कावळासुद्धा कठड्यावर टेकत नव्हता. गच्चीचा सिमेंटचा कोबा तव्यागत तापलेला. कडूबाचे तळवे म्हणजे म्हशीचं कातडं. बाभळीचा काटा टेकवला तर काटाच मोडावा. पण एक फेरी झाली न झाली तोच त्यालाही चटका बसला. तो पाय उचलत उचलत पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसला. पुंजाराम चालतच होता. शांत, एका चालीत.

"पुंजा, भाजत नाय का रं?" कडूबानं विचारलं.

"नाय दादा."

"खरंच?"

"कायीच वाटत नाय," पुंजाराम म्हणाला, आणि मोबाइलवरचा गोल बघून त्यानं आणखी एक फेरी धरली.

कडूबाचा ऊर भरून आला. त्याला वाटलं, रक्त कुठं जातं? इतकी वर्षं खुर्चीत बसला, पोट सुटलं, शहरी झाला, तरी पायाचा तळ अजून बापाच्या वर कडक! "वा रं माझ्या वाघा!" तो टाकीच्या सावलीतून ओरडला. "धनगराचं पोरगं हायेस, शोभतोस!" पुंजाराम बऱ्याच दिवसांनी लहान पोरासारखा हसला. बापानं असं कौतुक केव्हा केलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. त्या दिवशी तो सुट्टी संपेपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी सकाळी कडूबाला फरशीवर ओले डाग दिसले. मोरीपासून खुर्चीपर्यंत, एकाच पायाचे. तो फडकं घेऊन पुसायला बसला. पुसता पुसता त्याच्या नाकाला वास आला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. पावसाळ्यात मेंढराचं खूर सडलं की असा वास यायचा. त्यानं फडकं नाकाशी नेलं आणि तिथंच थबकला.

पुंजाराम फोनवर होता. कुण्या बाईचं बिल नामंजूर झालं होतं, ती रडत होती. "मॅडम, मैं समझ सकता हूँ," पुंजाराम मऊ आवाजात सांगत होता, "आप पर क्या बीत रही है..."

कडूबा गुडघ्यावर रांगत टेबलाखाली शिरला. तारांच्या जाळ्यात लेकाचे दोन पाय होते. त्यानं उजवा पाय हळूच उचलून वळवला. वर पुंजारामाचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

तळव्याची निम्मी कातडी सुटून लोंबत होती. अंगठ्याखाली मोठा फोड फुटलेला, आत लालभडक, आणि कडेला काळसर पडायला लागलेलं. कडूबानं त्या फोडाच्या कडेला बोट लावलं. काही नाही. मग जरा दाबलं. बोटाला ओल लागली. वर पुंजाराम म्हणत होता, "जी, बिल्कुल, मैं नोट कर रहा हूँ." मग कडूबानं, देवा माफ कर म्हणत, चांगल्या कातडीवर नख रुतवलं, जोरात, नख वळेपर्यंत.

पुंजारामानं पाय मागं घेतला नाही. बापानं धरलेला आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

म्हातारा टेबलाखाली तसाच बसला, लेकाचा पाय मांडीवर घेऊन. मेंढराला दुखलं तर मेंढरू लंगडतं, ओरडतं. हे कसलं दुखणं, जे दुखतच नाही? गच्चीवरचं आपलं ओरडणं त्याला आठवलं. वा रं माझ्या वाघा. त्याला फरशी फोडून आत शिरावंसं वाटलं.

"पुंजा," तो टेबलाखालून म्हणाला. वर बोलणं चालूच होतं. "पुंजा रं!"

पुंजाराम दचकून खाली वाकला. "दादा, काय करताय तिथं? कॉल चालू हाय!"

"ठेव तो फोन. तुझा पाय गेला रं, पोरा."

पुंजारामानं हातानं थांबा अशी खूण केली. त्या बाईला दोन वाक्यांत धीर दिला, फोन ठेवला, कॉम्प्युटरवर ब्रेक टाकला, आणि मग स्वतःच्या पायाकडं पाहिलं. जणू दुसऱ्याच कुणाचा पाय कुणीतरी त्याच्या घरात आणून ठेवला होता.

कडूबाला रिक्षा बोलावता येत नव्हती, मोबाइल लावता येत नव्हता. तो जिना चढून तात्यासाहेबांच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागला. तात्यासाहेबांनी गाडी काढली. जालना रोडवरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी पुंजारामाला नेलं. गाडीत पुंजारामाचा मोबाइल वाजत होता. पुण्याचे साहेब होते. ब्रेक लांबला होता.

तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. "हे भाजलंय," त्या म्हणाल्या. "कशानं?"

"गच्चीवर चाललो," पुंजाराम म्हणाला.

"अनवाणी? या उन्हात? साखर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव जाते, हे कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

सांगितलं असेलही. डॉक्टरीणबाई नायलॉनचा एक ताठ दोरा घेऊन पुंजारामाच्या पायाला ठिकठिकाणी टोचत होत्या आणि विचारत होत्या, "इथं? इथं कळतंय?" पुंजाराम डोळे मिटून मान हलवत होता. नाही. नाही. कडूबा भिंतीला टेकून उभा होता. प्रत्येक टोच्याला त्याचाच पाय आखडत होता.

द्वारका लातूरहून मिळेल त्या गाडीनं आली. पोरीची परीक्षा दोन दिवसांवर होती. तिला काही सांगायचं नाही असं ठरलं. पायातलं विष वर चढायला लागलं होतं. आधी खराब मांस काढलं, मग आणखी काढलं. शेवटी मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ठेवून चालणार नाही. सही करा. द्वारकानं सही केली. परत देताना पेन तिच्या हातातून खाली पडलं. कडूबा वाकून उचलायला गेला, तर ते घरंगळत बाकाखाली गेलं आणि त्याला सापडेना.

पुंजारामाला आत नेल्यावर दोघं बाकावर बसले. कडूबा तिच्याकडं वळला.

"द्वारके, म्याच म्हणलो त्याला, चपला काढ म्हणून."

द्वारकानं रागानं बोलावं, शिव्या द्याव्यात, असं कडूबाला वाटत होतं. निदान रडावं. किंवा म्हणावं, मामा, तुमचा काय दोष. तिला यातलं काहीच जमलं नाही.

"चहा आणते," ती म्हणाली आणि उठून गेली. चहा आणला तेव्हा तिचे डोळे लाल होते. कप त्याच्या हातात देताना तिनं तो गार झालाय का हे आधी बोट लावून पाहिलं.

पुंजाराम घरी आला तो चाकाच्या खुर्चीतून. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम भरेपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाही. एक पाऊलसुद्धा नाही. ज्या माणसाला चाल चाल म्हणून सगळ्यांनी मागं लागावं, त्याला आता सगळे म्हणत होते, हलू नको. थोडी रजा मिळाली. मग पुण्याच्या साहेबांनी फार गोड आवाजात विचारलं, "पुंजाराम, काम तर बसूनच आहे ना?" त्यात खोटं काय होतं? स्टुलावर उशी, उशीवर पांढरा गुंडाळलेला पाय, आणि समोर कॉम्प्युटर. ठिपका हिरवा. आधीपेक्षाही हिरवा, कारण आता तो उठतच नव्हता. मोबाइल मात्र अधूनमधून टुणकन वाजायचा, बराच वेळ बसलात, जरा चाला. एक दिवस द्वारकानं मोबाइल हिसकून घेतला आणि ते कुठून बंद होतं ते शोधत बसली. सापडेना तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

कडूबानं एकदा विषय काढला. "मी जातो वस्तीवर. हितं माझा काय उपेग?"

पुंजाराम कॉम्प्युटरकडंच बघत म्हणाला, "मला मोरीत कोण नेईल दादा? ती शाळेत असते."

कडूबा राहिला. जायला मिळालं नाही याचं त्याला दुःख झालं नाही, आणि राहिल्याचं सुखही झालं नाही. तो रोज सकाळी लेकाच्या अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरावर ओतून बघायचा. डाव्या पायाचा तळ उजेडात धरून, मेंढराचा खूर बघावा तसा, बोटांच्या बेचक्यांतून न्याहाळायचा. डॉक्टरांनी बसल्या बसल्या करायचा व्यायाम सांगितला होता. मांडी उचलायची, गुडघा सरळ करायचा, हात वर न्यायचे. कडूबा समोर स्टुलावर बसून स्वतः करून दाखवायचा. पुंजाराम कानाला डबडं लावून, लोकांशी बोलता बोलता, बापाकडं बघत मांडी उचलायचा. कधी उचलायचा, कधी विसरायचा. कडूबा गुडघ्याला हात लावून आठवण करायचा. पण गुडघ्याखाली कुठं हात लावला तर ते कळायचं नाही, म्हणून तो नेहमी गुडघ्याच्या वरच हात लावायचा.

जखम भरता भरेना. एकदा भरत आली आणि पुन्हा उकलली. पाऊसकाळ गेला, दसरा गेला. नातीला परीक्षेत हवे तेवढे गुण पडले नव्हते. ती पुन्हा लातूरला गेली. जाताना बापाच्या पायाकडं तिनं पाहिलं नाही, आणि आजोबाच्याही नजरेला नजर दिली नाही. तिला कुणीतरी सगळं सांगितलं असणार.

थंडी पडल्यावर डॉक्टर म्हणाले, आता उभं करून बघा. मऊ तळाचा, आत खास गादी घातलेला बूट करून आणला होता. चार पायांची लोखंडी घोडी आणली होती. रविवार होता, म्हणून कॉम्प्युटर मिटलेला. द्वारकानं एका बाजूनं धरलं, कडूबानं दुसऱ्या. पुंजारामानं घोडीवर भार टाकला आणि हुंकार देत तो उठला. इतक्या महिन्यांनी उभा राहिलेला लेक कडूबाला फार उंच वाटला, आणि फार अशक्त.

"आता उजवा पुढं टाका," द्वारका म्हणाली. "हळू."

पुंजारामानं पाय उचलला, पुढं नेला आणि खाली सोडला. मग तो तसाच थांबला. कपाळावर घाम आला होता. समोर भिंतीकडं बघत, घोडी घट्ट धरून, त्यानं विचारलं,

"दादा, टेकला का बघा. मला कळत नाय."

कडूबानं लेकाचा दंड द्वारकाच्या हाती दिला. गुडघे कुरकुरले, पण तो खाली बसला, फरशीला गाल लागेल इतका वाकला, आणि बुटाच्या तळाखालून बोट फिरवून पाहिलं. बोट आत जात नव्हतं.

"टेकलाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"व्हय. टेकलाय. टाक आता दुसरा."

पुंजारामानं दुसरा पाय उचलला. कडूबा फरशीवरच बसून राहिला, पुढच्या पावलासाठी.